दुपारचा पहारा

आमच्या गावच्या सप्ताहात दुपारचा पहारा कुणालाच नको असतो. सकाळी माणूस अंघोळ करून ताजा असतो, संध्याकाळी आरतीला गर्दी असते, कीर्तनाला तर सगळा गाव लोटतो. पण जेवणं उरकल्यावर, ऊन पत्र्यावर तडतडत असताना, गळ्यात वीणा घालून एकट्यानं उभं राहायचं आणि नाम घेत राहायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. सप्ताहभर ती वीणा खाली टेकवायची नसते. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. दुपार आमच्या घराकडं होती, म्हणजे बाबांकडं. मला आठवतं तेव्हापासून त्यांच्याचकडं.

लहानपणी मी त्या मंडपात आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे. पिवळ्या कापडातून ऊन गाळून खाली यायचं आणि सगळ्यांचे चेहरे हळद लागल्यासारखे दिसायचे. मागच्या कडूनिंबाचा मोहोर सतरंजीवर पडत राहायचा. झोप लागायची, मोडायची, पुन्हा लागायची. दर वेळी डोळा उघडला की बाबा उभेच. तार एकदा वाजायची, मग त्यांचा आवाज, मग पुन्हा तार. मला वाटायचं, बाबा उभे आहेत तोवर ही दुपार काही संपत नाही आणि आपल्यातलं कुणी कुठं जात नाही. आई जाऊन आता काही वर्षं झाली. तरी ती दुपार आठवली की गालाला तिच्या लुगड्याची ऊब लागते.

पुढं मी खामगावला नोकरीला लागले आणि देवळात जायचं कधी सुटलं ते माझं मलाच कळलं नाही. देवाशी भांडण झालं, असं काही नाही. शेगाव इतकं हाकेवर, पण गुरुवारची रांग पाहिली की मी आपली चहा पिऊन परत फिरते. सकाळी घरात चटई टाकून बसते. कानात इअरफोन असतो आणि मोबाइलमधली एक बाई मला श्वासाकडे बघायला सांगते. मी बघते. दिवसभर कुणावर खेकसायचं कमी होतं, एवढा फायदा आहे. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते खूप हसले होते. "श्वास घ्याले बी बाई लागते का तुले?"

यंदा सप्ताह बसायच्या सुमारास भावाचा फोन आला. भाऊ माझ्याहून लहान, गावात शेती बघतो आणि सप्ताहाच्या कमिटीत आहे.

"ताई, बाबा पहारा नाही म्हणून राह्यले. देवळातच जात नाहीत आताशा. तू ये अन् समजाव त्यायले. कमिटीवाले म्हणतात, जमत नसन तर दुपार दुसऱ्या घराले देऊन टाकू."

मी तिथल्या तिथं रजा टाकली. आता यात माझं काय बिघडणार होतं? मी स्वतः सोडलं तेव्हा मला चांगलं मोकळं वाटलं होतं. पण बाबांनी सोडलं म्हटल्यावर ते मोकळेपण मला त्यांच्यासाठी नको होतं. आई नाही, आता देवही नाही, म्हणजे हा माणूस शेवटी अगदीच एकटा पडला की काय, ही भीती काही केल्या जाईना. पहारा गेला तर गेला, पण बाबा एकटे पडलेत का, तेवढं मला बघायचं होतं. धामणगाव बढ्यापर्यंत एसटीनं गेले आणि पुढं भावाच्या मोटरसायकलवर. गाव दिसायच्या आधी देवळावरचे भोंगे ऐकू आले.

देवळाच्या मागं नाला आहे आणि नाल्यापलीकडं आमचं वावर. कापूस कधीचाच निघाला होता, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या होत्या आणि उघडी जमीन उन्हात नुसती पडून होती. विहिरीजवळच्या निंबाखाली बाबा उभे होते. बाजूला चांगली बाज टाकलेली, तरी उभे. मला वाटलं, कुणाची वाट बघत असतील. मी जवळ गेले तरी ते लगेच बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं बाजेवर टेकले आणि म्हणाले, "ये बाई. पाणी पे आधी."

पाणी प्यायले. मला गोल गोल बोलता येत नाही, सरळ विचारलं, "देवळात काऊन जात नाही, बाबा?"

"भांडण नाही माह्यं कोणाशी."

"मग?"

ते वर निंबाकडं बघत राहिले. मोहोर त्यांच्या खांद्यावर पडत होता आणि ते झटकत नव्हते. "मागच्या साली मी वीणा घेऊन उभा होतो. मी नाम घेऊन राह्यलो अन् भोंग्यातून खताच्या दुकानाची जाहिरात. मंग कोण्या साहेबाचा वाढदिवस. माह्या तोंडचं नाम मलेच ऐकू येईना. घरी आलो तर असं वाटलं का, आज कोणीच काही म्हटलं नाही."

"भोंगा बंद करा म्हणायचं."

"म्हटलं ना. तर म्हणे, काका, दुनियाले ऐकू गेलं पायजे." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "दुनियाचं मले काय करायचं? मले मालूम पडलं पायजे का, मी घेऊन राह्यलो का नाही."

"इथं एकटं वाटत नाही?"

"कायचं एकटं," ते म्हणाले आणि माझ्या हातावर ओंजळभर भाजलेले हरभरे ठेवले.

मला ते उत्तर पटलं नाही. कायचं एकटं, असं एकटी माणसंच म्हणतात. मीही खामगावात हेच म्हणते. रागही आला. अहो, निदान दोन माणसांत बसा, तेवढंच बोलणं होतं. पण बाबांसमोर जास्त ताणता येत नाही, त्यांचं नाही म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घराची लाज राखायला भावानं वीणा स्वतःच्या गळ्यात घातली. मी त्याच्या आधारापुरती खाली सतरंजीवर बसले. मंडप तोच. कापड यंदा गुलाबी होतं, त्यामुळे झोपलेली म्हातारी माणसंसुद्धा लाजल्यासारखी दिसत होती. जेवण अंगावर आलेलं, एकेकाची मान पडलेली. भाऊ तोंड हलवत होता, पण ऐकू येत होता तो भोंगा. कोणाकोणाचे आभार चालले होते. माझेही डोळे मिटत होते आणि त्या झापडीत मला क्षणभर वाटलं की आई इथंच कुठंतरी आहे, हात लांबवला तर लुगडं लागेल.

तेवढ्यात दारात पाण्याचा टँकर आला. उद्याच्या महाप्रसादाचं पाणी होतं. टँकरवाला घाईत होता, आत्ता खाली करून घ्या नाहीतर मी चाललो, म्हणाला. टाकीची किल्ली भावाच्या खिशात. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पुढच्या पहाऱ्याचा माणूस अजून आलेला नव्हता आणि बाकी सगळे घोरत होते. वीणा खुर्चीवर ठेवता येत नाही, खिळ्याला लटकवता येत नाही. जागी अशी मी एकटी.

"ताई, धर."

"मी? आपल्या गावात बाया धरतात का कधी?"

"मले मालूम नाही का? धर लवकर, तो गाडी वळवून राह्यला."

आणि त्यानं घाईघाईनं माझ्या पायाला हात लावला, वीणा माझ्या गळ्यात अडकवली आणि पळाला. खांबाला टेकलेल्या एका आजोबांनी एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि परत मिटून घेतला. स्वप्न समजले असणार.

मी तार छेडली, आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. आभार मानणारा भोंगा अर्ध्या शब्दावर बंद पडला. इतकं शांत झालं की मोहोर कापडावर पडल्याचं ऐकू येऊ लागलं. त्या शांततेत माझा आवाज मला ऐकू आला, चिरका, सवय मोडलेला. मला लाज वाटली. पण थांबता येत नव्हतं, कारण मी थांबले की सप्ताह तुटला. तार, मग नाम, मग तार. हळूहळू आवाज बसत गेला. श्वासाकडे बघ म्हणणारी बाई आज नव्हती, तरी श्वास आपला नीट येत-जात होता. आपण नेमक्या केवढ्या आहोत, हे मी विसरले. कधी वाटे मी उभी आहे, कधी वाटे मी खाली मांडीवर झोपले आहे आणि उभं दुसरंच कुणी आहे.

आणि नाल्याकडून बाबा आले. त्या उन्हात, डोक्यावर टॉवेल नाही, पायात चप्पल नाही, धापा टाकत. मंडपाच्या खांबाला धरून थांबले आणि त्यांनी मला पाहिलं.

"आवाज बंद पडला," ते म्हणाले. "मले वाटलं, वीणा खाली टेकली."

मला बोलता येईना, तोंडात नाम होतं. बाबा आत आले, वाकले आणि त्यांनी माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागं घेणार होते, पण गळ्यात वीणा असलेल्यानं मागं सरायचं नसतं. त्यांचे तळहात ऊन ऊन होते. मी वीणा त्यांना द्यायला पट्टा उचलला, तर त्यांनी तो परत माझ्या खांद्यावर नीट बसवला.

"राहू दे. तुले जमून राह्यलं."

डोळे मिटून ते थोडा वेळ ऐकत उभे राहिले. मग वळले आणि आले तसे भराभरा निघून गेले. मला भयंकर राग आला. इथवर आलात, आता बसायला काय होतं?

मंडपाच्या मागच्या फटीतून नाल्यापलीकडचं वावर दिसतं. बाबा निंबाखाली पोचले. बाजेवर बसले नाहीत. पाय जुळवून उभे राहिले, डावा हात छातीशी धरला, आणि उजव्या हाताचं बोट, जिथं तार असायला पाहिजे तिथं, वर-खाली होऊ लागलं. काल मी गेले तेव्हाही ते असेच उभे होते. मी समजले होते कुणाची वाट बघतात.

मला रडू आलं. नाम घेता घेताच रडले, पुसायला हात मोकळा नव्हता.

भाऊ आला तो गुडघ्यापर्यंत भिजलेला. आम्ही एकमेकांच्या पाया पडलो आणि मी वीणा त्याच्या गळ्यात घातली. "बाहेर लोक म्हणून राह्यले, बाबा आले होते," तो म्हणाला. "मंग थांबले काऊन नाहीत?"

"त्यायचा बी पहारा चालू आहे तिकडं," मी म्हटलं. "आपल्यासाठी अर्ध्यात सोडून आले होते."