चार कात्रणे

१९८२ च्या मे महिन्यात, एका सोमवारी, वाशीतल्या आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना अटक झाली. ते नोकरीला होते त्या कचेरीतून खोटे दाखले दिले गेले, असा आरोप होता. बुधवारी वर्तमानपत्रात पाच ओळींची बातमी आली. ती मी लिहिली होती. गुरुवारी सकाळी तिचे कात्रण तळमजल्यावरच्या सूचनाफळ्याच्या चौकटीत खोचलेले होते. साडेसहाला सात नंबरच्या सिस्टर खाली आल्या. त्यांनी ते वाचले, "तेवढं पुरे," म्हणाल्या आणि घडी घालून पर्समध्ये ठेवले.

"तेवढं पुरे" हे त्यांचे नेहमीचे. बादली भरली की तेच, सुई टोचून झाली की तेच, कोणी आभार मानू लागले तरी तेच. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती, पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या.

मी पहिल्या मजल्याच्या खिडकीत होतो. कात्रण फेकायचे असते तर नळाजवळ कचऱ्याचा डबा होता. त्यांनी ते ठेवून घेतले. माझ्या धंद्यात अशा गोष्टीची नोंद होते.

त्या फळ्यावर सेक्रेटरी खडूने रहिवाशांचे गुन्हे लिहीत. जिन्यात सायकल ठेवल्याबद्दल माझे नाव दोनदा आले होते. सिस्टरांबद्दलची ओळ मात्र महिनाभर पुसली गेली नव्हती: "खोली ७ मध्ये दर रविवारी बाहेरचे लोक जमतात. रहिवाशांनी सावध राहावे." जमणारी आठ-दहा माणसे प्रार्थना करीत आणि चहा पिऊन जात. ओळ लिहिली गेल्यावर तिघे-चौघेच येऊ लागले. सेक्रेटरींच्या अटकेचा सर्वांत जास्त आनंद कोणाला व्हायला हवा, हे तुम्हीही सांगितले असते.

पाणी वर चढत नसे. सगळ्या घरांतल्या बायका खालच्या नळावर येत आणि फळा नळाच्या बरोबर वर होता.

"सिस्टर, आज तरी पेढे द्या," दोन नंबरच्या काकू म्हणाल्या.

"हंडा सरकवा काकू, माझी बस जाईल."

"अहो, पण बरं वाटलंच असेल की जरा."

"नाही वाटलं."

त्या गेल्यावर काकू म्हणाल्या, "मनातलं कोण बोलतंय." मलाही तसेच वाटले.

शनिवारी दुसरे कात्रण लागले. तेही सिस्टरांच्या पर्समध्ये गेले. सेक्रेटरींच्या पत्नी गुरुवारपासून नळावर आल्या नव्हत्या. घरात त्या आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. पाण्यावाचून किती दिवस निघतील, याचा हिशोब नळावर उघड चालला होता.

सिस्टर भरलेली कळशी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मी जिन्यात होतो.

"कशाला आलात? बघायला?" दार न उघडता आतून आवाज आला.

"पाणी आणलंय वहिनी. आत ठेवू की इथंच?"

कळशी दाराशी राहिली. संध्याकाळी ती तशीच भरलेली होती. सिस्टरांनी ते पाणी जिन्यातल्या तुळशीला घातले आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा भरून ठेवली. मंगळवारी कळशी रिकामी होऊन बाहेर आली. त्यानंतर सिस्टर सासूबाईंना बघायला आत जाऊ लागल्या.

इमारतीत दोन तर्क होते. एक, त्या बाई घरातले बघून येतात आणि दवाखान्यात सांगतात. दोन, अडल्या घराला आपल्या धर्मात ओढतात. त्यानंतरच्या रविवारी मी सात नंबरच्या दाराबाहेर थांबलो. आत चार आवाज होते. सेक्रेटरींचे नाव घेऊन प्रार्थना झाली, मग पत्नीचे, मग सासूबाईंच्या पाठीवरच्या जखमांसाठी. फळ्यावरच्या ओळीचा उल्लेख नव्हता. एवढ्यावरून काही सिद्ध होत नव्हते.

पुढच्या आठवड्यात आणखी दोन कात्रणे लागली. दोन्ही त्यांनीच काढली. चौथे काढताना त्यांना खाली कोणीतरी म्हणाले, "सिस्टर, संग्रह करताय काय?" त्या दिवशी मी त्यांना बसस्टॉपवर गाठले.

"बातमीतला एकही शब्द खोटा नाही," मी म्हणालो.

"मी कुठं खोटी म्हणते, भाऊ? पेपरात आली, लोकांनी वाचली. तेवढं पुरे. नळावर कशाला?"

"त्यांनी तुमच्याबद्दल काय लिहिलं होतं, विसरलात?"

"रोज खालून जाते, विसरीन कशी?" त्यांनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. "माझ्या प्रभूला क्रुसावर खिळलं होतं ना, तवा खाली उभी राहून हसणारी माणसं होती. मी लहानपणापासून ऐकत आले ते. मला त्या हसणाऱ्यांत उभं राहायचं नाही. बास, एवढंच हाय."

"आणि मनातून?"

"मनातून पहिल्या दिवशी हसू आलं. म्हणून तर कळशी घेऊन गेले."

मी विचारले, "कात्रणं कोण लावतं, माहीत आहे?"

बस आली. पायरीवर चढताना त्या म्हणाल्या, "लावणाऱ्याला माहीत आहे. तेवढं पुरे."

त्यानंतर फळ्यावर कात्रण लागले नाही.

जूनमध्ये सेक्रेटरींच्या पत्नी हंडा घेऊन नळावर आल्या. सिस्टरांनी आपली बादली बाजूला घेऊन त्यांना जागा दिली. काकूंनी तोंड फिरवले. सेक्रेटरी जामिनावर घरी आले. त्यांनी पुन्हा खडू हातात घेतला नाही. खोली ७ ची ओळ त्यांनी एका सकाळी ओल्या फडक्याने पुसली. मी खिडकीतून पाहिले.

१९८४ मध्ये सिस्टरांची नगरला बदली झाली. त्यांची ट्रंक एसटी थांब्यापर्यंत सेक्रेटरी आणि त्यांच्या पत्नी घेऊन गेले. जाण्यापूर्वी सिस्टरांनी माझ्या दारावर टकटक केली आणि एक बंद पाकीट दिले. वर माझे नाव होते.

आत चार कात्रणे होती. कात्रण बदामी कागदावर चिकटवून कोपऱ्यात लाल पेन्सिलीने तारीख घालायची, ही आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीतली पद्धत. चारही बदामी कागदावर होती. तारखा माझ्या अक्षरातल्या होत्या.