हिच्यानंतर मी

"आमेन. चला, कोण अजून बसलंय?"

सकाळच्या ड्यूटीला आमच्या वॉर्डाचा दिवस या एका दमातल्या वाक्यानं सुरू व्हायचा. आमच्या इनचार्ज सिस्टर औषधांच्या कपाटाला एक हात टेकवून उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या, ओठातल्या ओठात काही पुटपुटायच्या आणि डोळे पुरते उघडायच्या आतच 'आमेन'ला जोडून आमची झाडाझडती सुरू. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, या बाई देवालाही कामाला लावून येत असणार.

काही माणसांची भक्ती त्यांच्या आवाजात अजिबात दिसत नाही. तुमच्याही पाहण्यात असं कुणी असेल. सिस्टर येरवड्याला राहायच्या, एकट्याच. आवाज करकरीत. भेटीची वेळ संपल्यावर रेंगाळणाऱ्या नातेवाइकाला त्या अगदी आदरानं विचारायच्या, "आपण पेशंट आहात का? नाही ना? मग व्हायचं नसेल तर निघा."

एकदा एक डॉक्टर त्यांना चिडवायला म्हणाले, "सिस्टर, तुमचा येशू तर दुसरा गाल पुढे करायला सांगतो."

"तो माझ्याशी थेट बोलतो," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही निरोप आणायचे कष्ट घेऊ नका."

त्यांचा राग सगळ्यांना ठाऊक होता, त्यांना स्वतःला तर सगळ्यात जास्त. एकदा भांडी धुतली नाहीत म्हणून त्या वॉर्डातल्या मावशींना भर वॉर्डात वाट्टेल तसं बोलल्या. चूक मावशींची नव्हती, हे संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी 'आमेन' झाल्यावर त्यांनी आम्हाला कामाला पिटाळलं नाही. मावशींना मधोमध बोलावलं आणि पेशंटांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काल मी यांना बोलले. चूक माझी होती. मावशी, मला माफ करा."

मावशी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "अहो, राहू द्या ना, सिस्टर."

"राहू कसं देणार? ओरडताना तुम्हाला कोपऱ्यात नेलं होतं का मी?"

नंतर चहा पिताना मला म्हणाल्या, "स्वभाव जात नाही गं. सकाळी प्रार्थनेत त्याला दावणीला बांधते. दुपारपर्यंत सुटतो. मग परत बांधायचा. एवढंच आहे माझं अध्यात्म."

नव्वदच्या दशकात त्या आजाराचे पेशंट आमच्याकडे यायला लागले, ज्याचं नावसुद्धा लोक हळू आवाजात घेत. आम्हाला माहिती देणारी व्याख्यानं झाली होती. शिवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, हे आम्हाला पाठ होतं. तरी एका ट्रक ड्रायव्हरला दाखल केलं त्या दिवशी वॉर्डबॉयनं त्याचं ताट पायानं कॉटकडे सरकवलं. सिस्टरांनी ते पाहिलं आणि त्या गप्प राहिल्या. आम्हाला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसल्या. त्याचा हात उघड्या हातात घेऊन नाडी पाहिली आणि पाहून झाल्यावरही हात सोडला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "काल मीही दारातूनच बोलले त्याच्याशी. घरी जाऊन प्रार्थनेला बसले तर शब्द फुटेना. तुम्हाला सगळं शिकवलं मी, आणि घाबरले मीच."

तो ड्रायव्हर पावसाळ्यात गेला. त्याची बायको सुमन, विश्रांतवाडीला शिवणकाम करायची. तिच्या रक्तातही तोच दोष निघाला. योगायोग असा की ती सिस्टरांच्याच चर्चमधली. आमच्या वॉर्डातून शब्द बाहेर गेला नव्हता, पण नवऱ्याच्या आजारावरून शेजाऱ्यांनी काय ते ओळखलं.

त्यांच्या चर्चची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. प्रभुभोजनाच्या रविवारी सगळे वेदीपुढच्या कठड्याशी ओळीनं गुडघे टेकतात. पाळक भाकरीचा तुकडा देतात आणि मग द्राक्षारसाचा एकच चांदीचा प्याला सगळ्यांच्या ओठांना लावत जातात. मध्ये मध्ये पांढऱ्या फडक्यानं त्याची कड पुसतात. गरीब-श्रीमंत, थोरला-धाकटा, सगळ्यांना तोच प्याला.

सुमन गुडघे टेकून बसली की तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहायला लागली. मग चर्चच्या पंचांपैकी एका निवृत्त साहेबांनी तिला दारातच गाठून सांगितलं, "बाई, तुम्ही सगळ्यांचं झाल्यावर या." सुमन मान हलवून घरी गेली आणि चर्चला यायचीच बंद झाली.

सिस्टरांना हे कळलं त्या आठवड्यात वॉर्डात कुणाची काही मागायची हिंमत नव्हती. शनिवारी मला म्हणाल्या, "उद्या सुट्टी आहे ना तुला? माझ्याबरोबर चल."

मी देव्हाऱ्यात रोज दिवा लागणाऱ्या घरातली. चर्चमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण सिस्टरांना नाही म्हणायची आम्हाला सवय नव्हती. आम्ही आधी विश्रांतवाडीला गेलो. सुमन मशीनपाशी बसली होती. म्हणाली, "सिस्टर, माझ्यामुळे लोकांना त्रास होतो. मी घरीच प्रार्थना करते."

"मी तुला विचारायला आले नाही, न्यायला आलेय. साडी बदल."

चर्चमध्ये मी अगदी मागच्या बाकावर बसले. कठड्याकडे जायची वेळ झाली तशा सिस्टर उठल्या, सुमनच्या पाठीवर हात ठेवून तिला पहिल्याच ओळीत घेऊन निघाल्या. ते साहेब वाटेत आले. चर्च इतकं शांत होतं की त्यांचं कुजबुजणं मला मागे ऐकू आलं.

"सिस्टर, तुम्ही घ्या. ती शेवटी येईल."

"ती आत्ता येईल. हिच्यानंतर मी."

"लोकांच्या मनात शंका आहेत. समजून घ्या."

"शंका असतील त्यांनी माझ्या वॉर्डात यावं, मी शिकवीन. इथं जेवायला बोलावलंय ते तुम्ही नाही बोलावलेलं."

साहेब बाजूला झाले. सुमननं गुडघे टेकले, तिच्या खांद्याला खांदा लावून सिस्टरांनी टेकले. त्यांच्या पलीकडे कुणी आलं नाही. पाळक तरुण होते. सुमनच्या ओठांपासून प्याला बाजूला घेऊन त्यांनी सवयीनं फडकं उचललं.

"राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "पुसू नका."

पाळकांचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी फडकं खाली ठेवलं. सिस्टरांनी प्याला दोन्ही हातांनी धरला, आणि सुमननं ओठ लावले होते तिथेच ओठ लावून घोट घेतला.

परतताना मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"कसली? आजाराची? आठवडाभर वॉर्डात जे खरं म्हणून सांगते ते रविवारी खोटं कसं होईल? माणसांची वाटली. सगळं आयुष्य त्यांच्यात गेलंय माझं."

ती भीती खरी ठरली. पंचांची सभा झाली. आरोग्याच्या दृष्टीनं प्रत्येकाला वेगळी छोटी पेली द्यावी असा ठराव आला. सिस्टर उभ्या राहिल्या. "इतकी वर्षं एकमेकांचा सर्दी-खोकला पीत आलो, तेव्हा आरोग्य कुठं होतं?" कुणी हसलं नाही. ठराव मंजूर झाला. पाळकांनी एवढंच केलं, की ज्यांना हवा त्यांच्यासाठी मोठा प्यालाही ठेवला.

कितीतरी महिने त्या प्याल्याशी दोघीच असायच्या. मग पाळकांची बायको आली. मग दृष्टी गेलेले एक आजोबा आले. म्हणाले, "मला कुणाचं तोंड दिसतच नाही, तर मी कुणाला घाबरू?" चर्च बदललं, असं मी सांगणार नाही. काही घरं दुसऱ्या चर्चला जायला लागली. सिस्टरांच्या लहानपणापासूनच्या मैत्रिणीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते त्यांना फार लागलं. तिच्यासाठी त्या रोज प्रार्थना करायच्या, आणि बऱ्याचदा चिडूनच करायच्या.

तेव्हा आजच्यासारखी औषधं हाताशी नव्हती. सुमन गेली तेव्हा तिला अंघोळ घालायला बाया पुढे येईनात. सिस्टरांनी बाह्या वर केल्या, मी पाणी ओतलं. तिनंच शिवून ठेवलेला पांढरा झंपर आम्ही तिला घातला. दफनभूमीत माणसं बेताचीच होती. ते साहेबही आले होते, पण फाटकापाशीच थांबलेले, टोपी हातात घेऊन. सिस्टर त्यांच्याकडे निघाल्या तशी मीही बरोबर निघाले. त्यांच्या जिभेवर काहीतरी आलेलं मला दिसलं आणि त्यांनी ते गिळलेलंही दिसलं.

"पुढे या," एवढंच म्हणाल्या. "माती द्या तिला."

साहेबांनी दिली. परत येताना सिस्टर दमल्यासारख्या चालत होत्या. म्हणाल्या, "प्याला सोपा होता गं. हे जड गेलं."

त्या निवृत्त झाल्या, काही वर्षांनी मी इनचार्ज झाले, आणि पुढे एकदा सिस्टर आमच्याच वॉर्डात पेशंट म्हणून दाखल झाल्या. पेशंट म्हणून त्या फारच वाईट. सलाइनचा वेग, चादरीच्या सुरकुत्या, पोरींची वेणी, सगळ्यावर लक्ष. बऱ्या होणार नाहीत हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. चर्चचे नवे पाळक आले. उशाशी उभे राहून म्हणाले, "प्रभू, तुझ्या दासीला शांतीनं तुझ्याकडे ने."

सिस्टरांनी डोळे उघडले. "शांतीनं नेईल तो. पण मला त्याला काही विचारायचंय. सुमनचं जायचं वय होतं का? उत्तर तयार ठेव म्हणावं."

पाळक गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. सिस्टरांनी त्यांचा हात थोपटला. "घाबरू नका. आमचं जुनं भांडण आहे. तो ऐकून घेतो."

दोन दिवसांनी, दुपारच्या जेवणानंतर, त्या गेल्या.

संध्याकाळपर्यंत ती कॉट लागणारच होती. मी पोरींना थांबवलं, गादी स्वतः पुसली, चादर स्वतः घातली. थोड्या वेळानं कात्रजकडून आलेली एक बाई त्या कॉटपाशी उभी राहिली. पिशवी छातीशी धरलेली, बसायला तयार होईना.

"सिस्टर, इथं आधी होती ती बाई बरी झाली का?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी 'हो' म्हणायची वॉर्डात पद्धत आहे.

"नाही," मी म्हणाले. "गेल्या त्या. पण घाबरून नाही गेल्या."

तिनं पिशवी कॉटवर ठेवली. मग तिनं चपला काढल्या, कॉटखाली नीट जोडून ठेवल्या आणि वर पाय घेऊन बसली.