स्क्रीनवरचं ऊन

समोरच्या टेबलावरच्या मेधाताईंनी आज पुन्हा शाल पांघरली. ऐन मे महिन्यातली दुपार, आणि आमच्या ऑफिसात शाल! एसी अठरावर असतो. वाढवा म्हटलं की साहेब कुरकुरतात, "अहो, मला गरम होतंय."

आणि आमचा धंदा काय, तर इमारतींची वीज वाचवणं! इमारत बांधायच्या आधीच आम्ही तिचा नकाशा एका सॉफ्टवेअरमध्ये घालतो. मग ते सांगतं, ऊन कुठून येईल, खोल्या किती तापतील, वीज किती लागेल. त्या सॉफ्टवेअरमध्येही माणसं राहतात. काय शहाणी माणसं! उजेड असला की दिवा लावत नाहीत, खोलीबाहेर पडताना पंखा बंद करतात, एसी चोविसावर ठेवून सुखाने काम करतात. त्यांच्यात कुणी साहेब नसतो. ही माणसं कुठल्या गावची, हे मला त्या सॉफ्टवेअरवाल्यांना एकदा विचारायचंय.

सध्या एका शाळेचं काम चालू आहे. वर्गांत दिवसा दिवे लावावेच लागणार नाहीत, असं गणित आज एकदाचं जमलं. मी साहेबांना बोलावलं. ते वाकून स्क्रीनकडे बघत राहिले.

"काहीच दिसत नाहीये हो."

दिसणार कसं? खिडकीतून खरं ऊन थेट स्क्रीनवर येत होतं. मेधाताई शाल सावरत उठल्या आणि त्यांनी सगळे पडदे ओढले. अंधार झाला म्हणून मी ट्यूबलाइट लावल्या.

"हां, आता दिसलं," साहेब खूश होऊन म्हणाले. "काय सुंदर ऊन आलंय वर्गात!"