घरोघरचे रुसवे

‘‘आधी रुसलेले कोण, ते सांग.’’

कुठल्याही कामाला हात घालण्याआधी काका हे विचारायचे. मंडळाचा गणपती असो, कुणाची मुंज असो, नाहीतर उन्हाळ्यातली पिकनिक. हॉल मिळाला का, जेवायला काय, हे प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम. त्यांचं घराणं साताऱ्याकडचं, मोठं खटलं. तिथल्या असंख्य लग्नांमध्ये मानपानाचं खातं तरुणपणापासून त्यांच्याकडे होतं. विहिणीला पाय धुवायला गार पाणी आलं, मामाला टॉवेलऐवजी नॅपकिन मिळाला, की काकांना बोलावणं जायचं. कामं माणसांमुळे नाही, रुसलेल्या माणसांमुळे बिघडतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

हेच मत घेऊन काकांनी ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत उडी घेतली. एडिसनपासून फार लांब नसलेल्या एका लहान गावात आम्ही राहायचो आणि माझं घर त्यांच्या बरोबर समोर होतं. म्हणजे मला सुटका नव्हती.

प्रश्न आमच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या प्राथमिक शाळेचा होता. मुलं कमी झाली म्हणून ती बंद करायचा बोर्डाचा बेत होता. त्या शाळेच्या जेवणघरात काकू मुलांना वाढायचं काम करायच्या. काकूंना गाडी येत नव्हती, आणि आमच्या भागात गाडी न येणारी बाई म्हणजे घरातलं फर्निचर. चालत जाता येईल अशी त्यांना तेवढी एकच नोकरी होती. शाळा गेली की काकू पुन्हा दिवसभर खिडकीत बसणार, हे काकांना बघवत नव्हतं. शाळा वाचवू असं म्हणणाऱ्या एक निवृत्त अमेरिकन शिक्षिका उभ्या राहिल्या. काका त्यांना शाळेतल्यासारखं ‘बाई’ म्हणायला लागले आणि बाईंनी न विचारताच त्यांच्या प्रचाराला लागले.

गंमत म्हणजे काकांना स्वतःला मत नव्हतं. ग्रीन कार्डावर इतकी वर्षं काढली, पण सिटिझनशिप घेतली नाही. ‘‘मी पासपोर्ट बदलला तर थोरले भाऊ रुसतील,’’ ते म्हणायचे. ‘‘त्यांचा रुसवा काढायला विमानाचं तिकीट लागतं.’’ काकूंनी मात्र माझ्याबरोबरच शपथ घेऊन टाकली होती. ‘‘माझ्यावर कोण रुसणार? सासरचे? ते आधीपासूनच रुसलेले आहेत,’’ असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या.

बाईंच्या प्रचाराची आखणी चोख होती. प्रत्येक दारावर दोन-तीन मिनिटं, हसायचं, पत्रक द्यायचं, पुढचं घर. काका एका संध्याकाळी एक घर करायचे.

‘‘आज किती घरं झाली?’’ बाईंनी एकदा विचारलं.

‘‘एक,’’ काका म्हणाले. ‘‘पण पूर्ण झालं.’’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

पूर्ण म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं, कारण काका मला बरोबर न्यायचे. अनोळखी पुरुष एकटा दिसला तर लोक दार उघडत नाहीत, शेजारी साडीतली बाई दिसली तर उघडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मी ऑफिसातून येऊन फक्त एवढ्यासाठी साडी नेसायची. आत गेल्या गेल्या काका बूट काढायचे. अमेरिकन माणूस दारातल्या माणसाला ‘नो, थँक यू’ म्हणू शकतो, पण मोज्यांवर उभ्या असलेल्या माणसाला म्हणता येत नाही. त्यातून मोज्याला अंगठ्याशी भोक असेल तर मुळीच नाही. ते भोकाचे मोजे काका मुद्दाम राखून ठेवायचे, असा माझा संशय आहे.

एक म्हातारा गावावरच रुसलेला होता. पाचोळा उचलणाऱ्या ट्रकनं त्याची टपालपेटी पाडली, गावानं ती बसवून दिली नाही, तेव्हापासून त्यानं मतदान सोडलं होतं. काकांनी ती हकिकत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली आणि मग पुन्हा पहिल्यापासून ऐकली. मी टेबलाखालून पाय मारून थकले.

‘‘मत मागितलंच नाहीत तुम्ही,’’ मी बाहेर आल्यावर म्हटलं.

‘‘रुसलेल्याकडे पहिल्या दिवशी काही मागायचं नसतं. ‘फार वाईट झालं हो’ एवढंच म्हणायचं आणि बसायचं.’’

रविवारी काका हातोडी घेऊन गेले आणि त्यांनी पेटी पुन्हा बसवली. ती इतकी वाकडी बसली की पत्रं आपोआप बाहेर येत असावीत. म्हातारा मात्र खूश होता.

एक इटालियन आजी होत्या. आम्ही जाऊ तेव्हा त्या मटणाचे गोळे पुढे ठेवायच्या. ‘मी खात नाही’ म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून काका म्हणायचे, ‘‘टुडे आय अ‍ॅम फास्टिंग.’’ आजी रुसू नयेत म्हणून आम्ही पुन्हा जायचो, पुन्हा गोळे यायचे, आणि काकांचा पुन्हा उपास असायचा. हिंदू माणसं मुळात जेवतच नाहीत, असा त्या आजींचा पक्का समज झाला आणि त्या काकूंना भेटून काळजीनं विचारून गेल्या.

सगळ्यात अवघड घरं आपल्याच लोकांची. ‘‘त्यांच्या भानगडीत आपण कशाला पडायचं? आपण काय, उद्या परत जाणार,’’ असं सगळे म्हणत. हे उद्या परत जाणारे लोक दहा-दहा वर्षं उद्याच परत जात होते, आणि घराला नवीन छप्पर घालत होते. त्यातल्या एका जोडप्याचं खरं दुखणं वेगळंच निघालं. मंडळाच्या दिवाळीत ते पानावर बसेपर्यंत श्रीखंड संपलं होतं. त्यानंतर त्यांनी मराठी माणसांच्या कुठल्याही सांगण्यावरून काहीही करायचं नाही असं ठरवलं होतं. काका पुढच्या शनिवारी श्रीखंडाचा डबा घेऊन गेले. त्यांच्या मुलानं दार उघडून आत ओरडून सांगितलं, ‘‘मॉम, द योगर्ट अंकल इज हिअर.’’ दोन मतं पक्की झाली. ही बातमी पसरली आणि मग श्रीखंडासाठी रुसणाऱ्यांची संख्या वाढली. चक्का बांधायचा आणि पुरणयंत्रातून काढायचा काकूंनी, आणि गावभर नाव काकांच्या श्रीखंडाचं.

मतदान त्याच शाळेच्या जिममध्ये होतं. एप्रिलचा वारा होता. प्रचार करणाऱ्यांनी जिथे थांबायचं तिथे काका रजा टाकून दिवसभर उभे राहिले. टपालपेटीवाला म्हातारा आला. आजी आल्या. श्रीखंडवाले सहकुटुंब आले. मी मशीनच्या पडद्यामागे जाऊन मताचा खटका ओढला आणि बाहेर आले, तेव्हा काका लांबूनच, उघड्या दारातून त्या पडद्याकडे बघत होते. आत कसं असतं, एवढंच त्यांनी मला विचारलं.

बाई थोडक्यात पडल्या. शाळा जाणार हे नक्की झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. काका ताटातल्या पिठल्याकडे बघत बसले होते.

‘‘सगळ्यांकडे जाऊन आलो होतो,’’ ते म्हणाले. ‘‘मग राहिलं कोण?’’

‘‘मी,’’ काकू म्हणाल्या.

‘‘तू कशी राहशील? मत दिलंस ना काल?’’

‘‘नाही दिलं.’’

‘‘अगं, शाळेतच तर मतदान होतं.’’

‘‘हो. त्या मशीनच्या शेजारून दिवसभर ये-जा करत होते. पण माझ्याकडे मत मागायला कुणी आलं नाही.’’

मी हळूच उठायला लागले. काकूंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. त्यांना साक्षीदार हवा असावा.

‘‘हे सगळं तुझ्यासाठीच चाललं होतं ना,’’ काका म्हणाले.

‘‘मला विचारलंत? हॉटडॉग वाढायची नोकरी मला नकोच होती. त्या वासानं मला जेवण जात नाही. मला गाडी हवी होती. पहिल्या वर्षी दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये सामानाच्या ढकलगाडीला जरा धक्का लागला, तर भर लोकांत ओरडलात माझ्यावर. ‘उतर खाली, सात जन्मांत यायची नाही तुला.’ मी उतरले, चालत घरी आले, आणि चावीला पुन्हा हात लावला नाही. तेव्हापासून वाट बघतेय. आणि तुम्ही गावभर रुसवे काढत हिंडताय.’’

पिठलं गार झालं. एका मतानं निकाल बदलला नसता, असं मी काकांना म्हणाले. ‘‘मी निकालाचं बोलत नाहीये,’’ काका म्हणाले. त्यांचा चेहरा इतका पडलेला मी निकालाच्या रात्रीही पाहिला नव्हता.

तुम्हीच सांगा, बायकोला ‘चुकलं माझं’ म्हणायला नको म्हणून परदेशात, स्वतःला मत नसताना, निवडणूक लढवणारा दुसरा कुणी तुमच्या पाहण्यात आहे का? मी घरी आले आणि सोफ्यावर पडून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग नुसतंच पाणी राहिलं.

रविवारी सकाळी मी अंगणात होते. काका त्यांच्या घराच्या मागच्या दारानं बाहेर आले, घराला वळसा घालून पुढे आले आणि त्यांनी स्वतःच्याच दाराची बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं. काका काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ म्हणत होते. मग ते बूट काढायला वाकले.

‘‘बूट राहू द्या,’’ काकू म्हणाल्या. ‘‘चाव्या आणा.’’

काकूंनी अट एकच घातली. शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावरून ती गाडी जायची तेव्हा सगळे बघायला थांबायचे. काकू ताठ बसून चालवत आणि शेजारी काका ओठ आवळून, पंजे मांड्यांखाली दाबून बसलेले. नसलेला ब्रेक ते उजव्या पायानं दाबत राहायचे. शाळेला कुलूप लागलं त्याच महिन्यात काकूंना लायसन्स मिळालं. पुढे एडिसनला ओक ट्री रोडवरच्या साड्यांच्या एका दुकानात त्या लागल्या. गाडी चालवताना त्या कुणालाही वाट द्यायच्या नाहीत आणि काका त्यावर कधीही काही बोलले नाहीत.

दशक संपायच्या आत काका गेले. भर दुपारी, ऑफिसात, एकाएकी. माझ्याकडून ते नको नको ती कामं करवून घ्यायचे, आणि मला ते फार आवडायचे.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये माझ्या दारात हॉर्न वाजला. काकू होत्या. ‘‘चल, बोर्डाचं मतदान आहे,’’ त्या म्हणाल्या. मी पुढचं दार उघडलं. सीटसमोरच्या मॅटला उजवीकडे टाचेएवढं भोक पडलेलं होतं.

‘‘मागे बस,’’ काकू म्हणाल्या. ‘‘तू बोलतेस.’’

मी मागे बसले.