तिसऱ्या अंकाचं शेवटचं वाक्य

ते नाटक मी आजवर किती वेळा पाहिलं, हे आमच्या घरात कुणी विचारायचं नाही असा नियम आहे. विचारलं की मी सांगत बसतो आणि तिकडे भाजी लागते.

नाटक तसं साधं. नवरा घर सोडून गेलेला असतो, आणि बऱ्याच वर्षांनी एका संध्याकाळी परत येतो. तीन अंकभर बायको त्याला काहीच विचारत नाही. शेजारी विचारतात, दीर विचारतो, पोरगी तर त्याला फाडून खाते. शेवटी सगळे निघून जातात, तो खाली मान घालून बसलेला असतो, आणि तेव्हा ती एकच वाक्य बोलते : ‘जेवून आलात का?’ की पडदा. या तीन शब्दांनी मराठी रंगभूमीनं कूस बदलली असं जाणकार म्हणतात. मी काही जाणकार नाही, माझं जालन्यात बी-बियाण्याचं दुकान आहे. पण म्हणतो मीही.

आम्हा तिघांची टोळी आहे. मी, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत असलेले एक शेठ आणि हायस्कूलात चित्रकला शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी. नाटक परभणीला लागो की बीडला, आम्ही हजर. बायकोचं काम वेगवेगळ्या नटींनी केलंय, त्यांची खरी नावं आम्ही घेत नाही, आम्ही त्यांना आमची नावं दिलेली आहेत. माझ्या त्या थोरल्या बाई. कॉलेजात असताना मी शहागडच्या पुलापासून कांद्याच्या ट्रकमध्ये बसून त्यांचा प्रयोग बघायला आल्तो. ते वाक्य बोलण्याआधी त्या अशा थांबल्या की थेटरातले पंखे ऐकू यायला लागले. माझ्या शेजारचा माणूस माझ्यापासून जरा सरकून बसला होता, ते त्यांच्यामुळे की कांद्यामुळे, हे मात्र अजून ठरलेलं नाही. शेठच्या त्या हसऱ्या बाई : त्या वाक्य बोलायच्या आणि ओठांच्या कडेनं किंचित हसायच्या. गुरुजींच्या पाठमोऱ्या बाई. ‘चेहरा काय कुणीही करतं,’ गुरुजी म्हणायचे, ‘पाठ बोलली पाहिजे, पाठ!’

प्रयोग सुटला की समोरच्या टपरीवर चहा, आणि हातात ग्लास धरून तिघांनी पाळीपाळीनं ते वाक्य म्हणून दाखवायचं, ही आमची रीत. एकदा तीन मिशाळ माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून ‘जेवून आलात का’ म्हणतायत हे पाहून टपरीवाल्यानं न सांगता तीन प्लेट पोहे आणून ठेवले. खर्चा शेठनी केला.

हे सगळं आमच्या हिनं लग्न झाल्यापासून ऐकलेलं. ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माहेरी असताना गॅदरिंगमध्ये कामं करायची. पुढं घर, शाळा, पोरं यांत ते राहून गेलं. गेल्या वर्षी शिक्षकांच्या एका हौशी संघानं स्पर्धेसाठी तेच नाटक घ्यायचं ठरवलं आणि बायकोचं काम हिला दिलं. मला हे कळलं तेव्हा मी जेवत होतो.

‘अगं, मग आता बघ, थोरल्या बाई काय करायच्या...’

हिनं भाकरी ताटात ठेवली. ठेवली म्हणजे, आवाज आला.

‘एक सांगते. नाटक होईस्तोवर तुमच्या कोणत्याच बाई घरात आणायच्या न्हाईत. आणि झाल्यावर मला नंबर द्यायचा न्हाई. चौथी न्हाई, पाचवी न्हाई आन् पहिली पण न्हाई.’

‘आणि दिलाच तर?’

‘तर मी पुन्हा कधी स्टेजवर चढणार न्हाई. इतक्या वर्षांनी हे एक माझं आहे. ते तुमच्या यादीत घालू नका.’

ती चिडून बोलली असती तर मी काहीतरी विनोद केला असता. ती हळू बोलली. मी मान हलवली आणि उरलेली भाकरी मुकाट्यानं खाल्ली.

मान हलवणं सोपं असतं. पुढचे दोन महिने माझे काय हाल झाले ते मला माहीत. दुकानात कपाशीचं बी घ्यायला आलेला माणूस विचारतो, यंदा कोणतं वाण चांगलं, तर मला दहा वाणांची तुलना करून सांगायची सवय. आणि घरी समोर नाटक उभं राहतंय तर मी पेपरामागं तोंड घालून बसलेलो. ही पोळ्या लाटताना संवाद म्हणायची. तिसऱ्या अंकाच्या शेवटाला आली की ते वाक्य गिळायची. नुसतं ‘हां, मंग पडदा’ म्हणायची आणि तवा उतरवायची. कशी म्हणणार ते काही कळू द्यायची नाही.

मित्रांना तर राहवेचना. एक दिवस दोघं घरीच आले.

‘वहिनी,’ शेठ म्हणाले, ‘जास्त न्हाई, फक्त एकच गोष्ट सांगतो.’

‘भाऊजी, चहात साखर किती?’

‘साखर बंद आहे. तर वहिनी, ते वाक्य म्हटल्यावर बारीक हसलं तर...’

‘मंग बिनसाखरेचा घ्या. कडू लागला तर हसू नका.’

गुरुजींनी खिशातून पाठमोऱ्या बाईचं स्वतः काढलेलं रेखाचित्र आणलं होतं. ते त्यांनी तसंच परत खिशात घातलं.

स्पर्धेत हिच्या संघाचा प्रयोग दुपारचा होता. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो, मी मधे. गावाकडून शिक्षक, त्यांच्या बायका, शाळेतल्या मदतनीस बाया, हिच्या माहेरचे धावड्याहून आलेले दोन जीपभर लोक, असं थेटर बऱ्यापैकी भरलं होतं. पहिले दोन अंक मी बघितले असं म्हणणं धाडसाचं होईल. मी त्या वाक्याची वाट बघत होतो. ही थांबणार? हसणार? पाठ फिरवणार? शेठ माझ्या कानात म्हणाले, ‘थांबणार बघा, तुमच्याच घरातली हाये.’ मी म्हटलं, ‘चूप.’

तिसरा अंक. सगळे निघून गेले. स्टेजवर तो माणूस खाली मान घालून बसलेला. भूगोलाचे सर होते ते, पण त्या घडीला नव्हते. आम्ही तिघंही पुढं सरकलो. वाक्याची जागा आली होती.

आणि ही आत निघून गेली.

स्टेजवर फक्त तो. मला वाटलं, विसरली. आतून भांड्याचा आवाज झाला, साधा, झाकण काढल्याचा. आणि आतूनच, न थांबता, न हसता, काहीच न करता, जसा कुणी हात पुसता पुसता विचारतं तसा आवाज आला :

‘जेवून आले का?’

आता हे नीट ऐका. मी रोज दुकान बंद करून, शेठबरोबर भजी खाऊन, चपला काढतो तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातून हाच आवाज येतो. हेच शब्द, हाच सूर. त्यात थोडा टोमणा असतो, थोडी खरोखरची चौकशी असते, आणि तवा तापत ठेवलाय ही सूचना असते. आणि मी रोज जे उत्तर देतो तेच माझ्या तोंडातून, भरल्या थेटरात, चांगलं खणखणीत निघालं :

‘न्हाई, वाढ.’

बोलून गेल्यावर मला ते ऐकू आलं. शेठनी माझं मनगट धरलं. गुरुजींनी डोळे मिटले. मला वाटलं, आता हसणार सगळे, आणि एवढ्या वर्षांनी तिचं म्हणून जे काही होतं ते मी दोन शब्दांत मातीत घातलं. यादीत नंबर दिला असता तरी परवडलं असतं.

कुणीही हसलं नाही. माझ्यामागं कुणीतरी बाई ‘आई गं’ म्हणाली आणि रडायला लागली. स्टेजवर त्या माणसाचे खांदे हलायला लागले. वाक्य झालं की पडदा पडायचा असतो, तो पडला नाही. पडदा ओढणाराही ऐकत उभा राहिला असावा. मग ही बाहेर आली, हातात ताट. त्याच्यासमोर ठेवलं. तांब्या ठेवला. आणि जेवणाऱ्याजवळ बसतात तशी, जरा कडेला, बसली.

एवढंच. पडदा मग कधी पडला ते मला सांगता येणार नाही. ती घर सोडून गेलेल्या माणसाला वाढत होती आणि ती सगळी वर्षं त्या ताटात होती. मी ते नाटक एवढ्या वेळा पाहिलं, आणि त्या बाईनं त्याला काय विचारलं होतं, ते मला त्या दुपारी पहिल्यांदा ऐकू आलं. आणि रोज आमच्या स्वयंपाकघरातून मला काय विचारलं जातं, तेही.

टपरीवर आम्ही गेलो, रीतीप्रमाणे. शेठनी ग्लास हातात घेतला, तोंड उघडलं, आणि ग्लास खाली ठेवला.

‘होत न्हाई बुवा.’

गुरुजी म्हणाले, ‘आता आपण नुसता चहाच पिऊ.’

भूगोलाचे सर रंग पुसत पुसत तिथं आले. मी हात जोडले. ‘सर, माफ करा, माझ्या तोंडातून...’

‘कशाचं माफ? तुम्ही बोलले म्हणून बराबर झालं. न्हाई तर मी बोलणार होतो. मला तर बिलकुल वाक्य न्हाई तिथं!’

मोटारसायकलवर ही मागं ताट-तांब्याची पिशवी धरून बसली. अंबड चौफुली मागं गेली. मी ठरवलं होतं की जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं. माझ्या तोंडात थोरल्या बाई, हसऱ्या बाई, पाठमोऱ्या बाई कुणीच नव्हत्या, शब्द दिला होता म्हणून नाही, खरंच नव्हत्या. घराजवळ आल्यावर ती मागून म्हणाली,

‘भोकरदनचे लोक प्रयोग मागून राह्यले.’

‘मंग?’

‘मंग काय. हो म्हणाले मी.’

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. का थांबवली ते मलाही सांगता आलं नसतं.

‘तुम्ही मात्र शेवटच्या रांगेत बसायचं,’ ती म्हणाली.

‘बसतो. आणि... ते वाढ म्हणू का न्हाई?’

तिनं थोडा वेळ विचार केला. अगदी खरा विचार केला, मस्करीतला नाही.

‘भूक लागली असली तर म्हणा,’ ती म्हणाली. ‘उगंच न्हाई.’