गोदाताईंनी डोक्यावर घेतलेली शपथ

अर्धा फणस चिरून झाला होता. गोदाताईंचे हात खोबरेलाने माखलेले, विळीला चीक लागलेला, सुपात गऱ्यांचा ढीग. आणि मागीलदारी रघूची बायको सखू येऊन उभी. डोळे सुजलेले.

"ताय, ह्यांचा परवापासून घरात पाय नाय ओ. परत प्यायले. देवीची शपथ मोडली, आता ती पोरांवर कोपेल म्हणून घराकडं फिरकत नाय. कलमांच्या बागेत खोपीत बसलेत."

गोदाताईंच्या हातातला गरा हातातच राहिला. रघूला ती शपथ घ्यायला त्यांनीच तर लावली होती.

गोदाताई म्हणजे नागवेकरांची धाकटी सून. यजमान मुंबईला गोदीत. सासरे माडावर चढून माडी काढणारे, वाडीतल्या निम्म्या पुरुषांचे पाय संध्याकाळी त्यांच्याच अंगणाकडे वळत. शहाऐंशी साली रत्नागिरीच्या कॉलेजात विद्यापीठाचा एक वर्ग निघाला. दारू-गांजात अडकलेल्या माणसांशी कसं बोलावं, त्यांना कसं सावरावं, ते शिकवणारा. मॅट्रिक झालेल्यांनाही घेत होते. देवपूजा, नैवेद्य उरकून गोदाताई एसटीला उभ्या राहू लागल्या, तशी विहिरीवर शेजारच्या यमुनाबाईंनी तोफ डागलीच.

"सासऱ्यानं पाजायची नि सुनेनं सोडवायची! धंदा घरातल्या घरात बरा जमवलाव गो!"

"मग काय काकू," गोदाताई कळशी कमरेवर घेत म्हणाल्या, "गिऱ्हाईक बाहेर कशाला शोधू? पयलं नाव तुमच्याच घोवाचं घातलंय."

विहिरीवर हशा पिकला. यमुनाबाईसुद्धा हसल्या, मग पदराने तोंड पुसत रहाटाकडे वळल्या.

वर्गात मयेकर सर जोड्या लावून बसवत. एकाने बोलायचं, दुसऱ्याने नुसतं ऐकायचं. उपदेश नाही, 'अरेरे' नाही. गोदाताईंना हे फार जड गेलं. जीभ दातांखाली धरून बसत बिचाऱ्या. पुढे प्रत्येकाने आपल्या गावातला एकेक माणूस घेऊन त्याच्याशी आठवड्याच्या आठवड्याला बोलायचं होतं. गोदाताईंनी बागेत राखणीला असणारा रघू घेतला.

सरांनी बजावलं होतं, "कुणालाही शपथ घालू नका. शपथ मोडली की माणूस लपतो, आणि लपलेल्या माणसाचं ऐकणार कसं?" गोदाताईंना वाटलं, सर मुंबईचे. आमच्या देवीचा धाक त्यांना काय ठाऊक! त्यांनी रघूला देवळात नेलं, हातावर बेल ठेवला, शपथ वदवली. वाडी खूश झाली. गोदाताईही निर्धास्त झाल्या, आणि पुढे रघू भेटला की "बरं आहे ना?" एवढंच विचारून वाटेला लागू लागल्या. आतून घसा कोरडा पडतोय हे त्याने सांगायचं तरी कुणाला? सांगितलं असतं तर शपथेलाच तडा.

सखूचं ऐकून त्यांनी हात पुसले आणि तडक भागोजी गुरवाचं दार गाठलं.

"भागोजी, रघूची शपथ उतरवायची आहे."

"ज्यानं घेतली त्यानं यायला हवं."

"तो भीतीनं येत नाही. घ्यायला मी लावली. माझ्या डोक्यावर घाल."

भागोजी चपापला. "ताय, पोरंबाळं हायत घरात. उद्या कायतरी झालं तर बोल तुमच्यावर येईल."

"येऊ दे. देवी आंधळी नाही."

बोलल्या खऱ्या, पण देवळाचा उंबरठा ओलांडताना त्या दोनदा थांबल्या. उपासतापास न चुकवणारी बाई ती. देवीचं भय तिला रघूपेक्षा कमी का होतं? भागोजीने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बाय माझे, जी शपथ ह्या लेकरानं वदवून घेतलीन, तिचा दोष हिच्या पदरात घाल नि रघूला मोकळा कर गे!" देवळाच्या पडवीत बसलेल्या माणसांनी "व्हय महाराजा" म्हटलं. यमुनाबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

प्रसादाला फोडलेल्या नारळाची कवड घेऊन गोदाताई एकट्याच खोपीवर गेल्या. रघू गुडघ्यात डोकं घालून बसलेला.

"जवळ येऊ नको ताय. मी बाटलोय."

"शपथ उतरली रे. आता ती माझी. खा."

खोबरं तोंडाशी नेताना त्याचा हात असा थरथरला की तुकडा पाचोळ्यात पडला. गोदाताई खाली बसल्या. तोंडातून एक शब्द काढला नाही.

मग रघूच बोलू लागला. "हौस म्हणून नाय पीत ताय. सोडली की हात असे नाचतात. भिंतीवरून किडे चालताना दिसतात. सखूला सांगितलं असतं तर म्हणाली असती, देवीनंच धरलंय. मलापण तसंच वाटलं."

सर वर्गात म्हणाले होते, हात थरथरू लागले, नसलेलं दिसू लागलं, तर ते आपलं काम नव्हे, डॉक्टरांचं. उशीर केला तर माणूस दगावतो. तरी गोदाताईंनी आवाज साधाच ठेवला.

"देवीनं नाही धरलं. हा आजार आहे, याला औषध असतं. चल, ऊठ."

"कुठं?"

"रत्नागिरीला. सिव्हिल हॉस्पिटलात."

रघूने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कुडाला धरून उभा राहिला. दुपारची एसटी यायची होती. त्याला दंडाला धरून गोदाताई स्टॉपच्या वाटेला लागल्या.