तो पहारा मीच बंद केला होता

मित्रमैत्रिणींनो, सकाळपासून कामात मन लागत नाहीये, म्हणून इथं लिहितेय.

लातुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आज चाकूरच्या काकू लॅपटॉप घेऊन आल्या, सोबत काका. गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये काकांचा आवाज गेला. नात तेव्हा तान्ही होती. तिच्यासाठी काकूंनी ऑपरेशनआधी काकांचं बोलणं, हसणं, तिला हाका मारणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं.

आज त्यातली एकही फाईल उघडेना. ईमेलमधून आलेल्या व्हायरसनं सगळ्या फायलींना कुलूप लावलं होतं, ते मलाही काढता येईना. दुसरीकडे कॉपी नव्हती.

त्या लॅपटॉपच्या अँटिव्हायरसमध्ये एक पहारा होता. एखादा प्रोग्राम विचित्र वागायला लागला, धडाधड फायली बदलायला लागला, की तो त्याला तिथंच अडवायचा. पण कधीकधी चांगल्या प्रोग्रामवरही ओरडायचा. दोन महिन्यांपूर्वी काकू वैतागून म्हणाल्या, "लई आडवं यायलंय हे, बंद कर बाई." मी फार विचार न करता बंद केला.

आज ते कबूल करताना मला रडू आलं. काकांनी खिशातली वही काढून लिहिलं, "पोरी, रडू नको."

काकूंनी ते वाचलं. "मला हे त्यांच्याच आवाजात ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "नातीला कसं येईल गं?"



तुम्ही कुणाचा आवाज असा एकाच जागी ठेवलाय?